आई : हयात

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतली एक मुलगी माझ्याकडे शिफारसपत्र मागायला आली. एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. समाजकार्याची मनापासून आवड, १४ एप्रिलच्या प्रत्येक कार्यक्रमात पुढे. तिला सुट्टीत चार आठवडे काठमांडूला जायचे आहे. तिथल्या एका अनाथालयात राहून मुलांना शिकवायचे, त्यांच्याशी खेळायचे, आणि त्यासाठी एका कंपनीला दर आठवड्याचे पैसे भरायचे. शेवटी प्रमाणपत्र मिळते. "काकू, तुम्हीपण गेला होतात ना? मंडळाच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून द्या," ती म्हणाली.

मी लिहून दिले नाही. तिचा चेहरा पडला. आपल्या समाजाची मुलगी सेवेसाठी परदेशी जायचे म्हणते आणि महिला मंडळाची सचिवच आडवी येते, हे तिला कसे समजावे? नाही म्हणायचे तर कारण सांगितले पाहिजे, आणि कारण सांगायचे तर २०१६ सालची हकीकत सांगावी लागते. ती मी मंडळाच्या बैठकीबाहेर फारशी कुणाला सांगितलेली नाही.

त्या वर्षी आमच्या विहारातले ३८ उपासक-उपासिका लुंबिनीला गेलो होतो. नाशिकरोडहून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर, तिथून बसने सुनौली आणि सीमेपलीकडे. २१ मेची बुद्धपौर्णिमा आम्ही लुंबिनीत केली. ऊन असे की अशोकस्तंभाभोवती अनवाणी चालवत नव्हते. संध्याकाळी आमच्याबरोबरच्या भंतेजींनी राहुलाच्या प्रव्रज्येची कथा सांगितली. तथागतांनी कपिलवस्तूत बाळ राहुलाला संघात घेतले तेव्हा आजोबा शुद्धोदन फार व्याकूळ झाले. मुलाचे दुःख सोसले, आता नातवाचेही सोसायचे! त्यांनी तथागतांकडे एकच मागणे मागितले, की यापुढे आईवडिलांच्या संमतीवाचून कुणाच्या मुलाला प्रव्रज्या देऊ नये. तथागतांनी ते मान्य केले आणि विनयात तसा नियम घातला. मी ही कथा पूर्वीही ऐकली होती. त्या दिवशी ऐकताना माझे लक्ष अर्धे पुढच्या प्रवासाकडे होते, हे कबूल करते.

कारण बाकीची मंडळी परतणार होती आणि मी एकटी काठमांडूला जाणार होते. धम्मदीक्षेनंतर महिन्याभराने, नोव्हेंबर १९५६ मध्ये, बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी त्या शहरात गेले होते. बुद्ध की कार्ल मार्क्स हे त्यांचे भाषण तिथलेच. त्या गावी आपल्या हातून काही सेवा घडावी अशी माझी इच्छा होती. शिवाय २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाची चित्रे आम्ही टीव्हीवर पाहिली होती. सुमारे नऊ हजार माणसे गेली. एका ओळखीच्या गृहस्थांनी एका बालगृहाचा पत्ता दिला. कार्यालयातून अर्जित रजा आणि परदेश प्रवासाचे ना-हरकत पत्र घेतले. ("नेपाळ कसला हो परदेश!" असे म्हणत आमच्या साहेबांनी ती फाईल आठ दिवस ठेवून घेतली, ते वेगळे.) आमच्या महिला मंडळाने २१,५०० रुपये जमवून दिले. त्यात धुणीभांडी करणाऱ्या बायकांचे पन्नास-पन्नास रुपये होते. नावानिशी यादी माझ्या वहीत होती, कारण परत आल्यावर हिशेब द्यायचा होता.

बालगृह म्हणजे शहराच्या कडेला भाड्याने घेतलेले तीन मजली घर. मुले २४. गोऱ्या देशांतून आलेले तीन स्वयंसेवक, ते दर आठवड्याला डॉलरमध्ये पैसे भरत. मला चालकांनी फी माफ केली. पहिल्याच दिवशी मी दहा हजार रुपये दिले, म्हणजे तिकडचे सोळा हजार. फोटो निघाला. मुलांना ओळीत उभे करून मी प्रत्येकाच्या हातात केळे आणि वही दिली.

आणि केळे देता देता मला माझी आई आठवली.

माझे वडील मी नऊ वर्षांची असताना गेले. आई दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायची. तिने मला तालुक्याच्या गावी मुलींच्या बोर्डिंगात ठेवले. एका जयंतीला पाहुणे आले. आम्हाला ओळीत उभे केले, केळी आणि वह्या वाटल्या. पाहुणे भाषणात म्हणाले, या अनाथ लेकरांसाठी समाजाने पुढे आले पाहिजे. नेमकी त्या दिवशी आई भाकरी-ठेचा घेऊन मला भेटायला आली होती. ती मागून मोठ्याने म्हणाली, "आनाथ? मंग मी काय मेले व्हय?" सगळे हसले, मी मात्र लाजेने मेले. आमच्या अधीक्षिकाबाई हसल्या नाहीत. त्यांनी कार्यक्रमानंतर नोंदवही उघडली आणि पाहुण्यांना माझ्या नावापुढचा रकाना दाखवला. वडील : मयत. आई : हयात. पाहुणे ओशाळले, आईला हात जोडून गेले.

आता पाहुणी मी होते.

मुले गोड होती. नवा माणूस दिसला की धावत येऊन गळ्यात पडायची. आधी मला भरून आले. पण चार दिवसांनी वाटू लागले की अनोळखी माणसाच्या गळ्यात इतक्या सहज पडणारे लेकरू कुठेतरी दुखावलेले असते. आपली मुले अशी पडतात का? आधी आईच्या पदराआडून बघतात. तिथली मुले नव्या माणसाला पहिला प्रश्न विचारायची तो नाव-गावाचा नाही. "कति दिन, दिदी?" किती दिवस? मी सतरा म्हणाले की बोटांवर मोजायची. मी पोहोचल्यानंतर आठवड्याने एक स्वयंसेविका परत गेली. बिचारी रडत रडत गेली, फाटकाशी चार-पाच मुलेही रडली. बाकीची खेळत होती. त्यांची रडून झालेली असावीत.

एक आठ वर्षांची मुलगी माझ्याजवळ जास्त असायची. तिच्या डोक्यात उवा झाल्या होत्या. रोज दुपारी शाळा सुटल्यावर मी तिला पायरीवर बसवून फणीने केस विंचरायची. माझे हिंदी, तिचे नेपाळी, असे आमचे चालायचे. एका दुपारी मी सहज म्हणाले, तुझी आई असती तर तिनेही असेच विंचरले असते. मान न वळवता ती म्हणाली, "आमा घरमा छ." याचा अर्थ मराठी माणसाला सांगावा लागत नाही. लगेच तिने तोंडावर हात ठेवला आणि चालकांच्या खोलीकडे पाहिले.

मला वाटले, लेकराची समजूत. मेलेली आई घरीच आहे असे मुलांना वाटते.

पुढच्या आठवड्यात चालकांनीच मला काम सांगितले. तुम्ही बी. कॉम. आहात, कारकून आहात, आमचे दप्तर लावून द्या. जडसंग्रहाची नोंद करताना माळ्यावर नव्या बुटांचे सतरा जोड सापडले, खोक्यांसकट. खाली मुले तुटक्या चपलांत हिंडत होती. पाहुण्यांना पाय दिसले पाहिजेत ना! तरीही मी गप्प राहिले, मोठे होतील तेव्हा देणार असतील म्हणून. मग मुलांच्या फायली घेतल्या. गोऱ्या स्वयंसेवकांना त्या कधी वाचता आल्या नसत्या. पण नेपाळी लिपी आपलीच देवनागरी आहे, आणि दाखले पाहण्यात माझी वीस वर्षे गेलेली. १९ फायलींत आईवडिलांच्या मृत्यूचे दाखले होते. गावे वेगळी, कार्यालये वेगळी, अक्षर एकच. शाईही एकच. नोंदणीचे क्रमांक ओळीने लागोपाठ. वेगवेगळ्या गावांत, पायी दोन-दोन दिवसांच्या अंतरावर मेलेली माणसे एकाच वहीत ओळीने कशी नोंदली जातील? ज्याने आवक-जावक सांभाळली आहे त्याला हे एका नजरेत दिसते.

मग त्या मुलीची फाईल पाहिली. तिकडे विक्रम संवत चालते, ५७ वजा केले की आपले साल साधारण निघते. मुलीचा जन्म २०६५, म्हणजे २००८ च्या सुमाराचा. आईचा मृत्यू २०६३. आई मुलगी जन्मण्याआधी दोन वर्षे मेलेली! दाखला करणाऱ्याला बेरीज-वजाबाकीचाही कंटाळा आला होता.

आणखी एक. तिच्या जुन्या कागदावर आडनाव बि. क. होते, म्हणजे विश्वकर्मा, तिकडचे लोहारकाम करणारे, अस्पृश्य मानलेले. शाळेच्या दाखल्यावर मात्र तिचे आणि सगळ्या २४ मुलांचे आडनाव एकच, चालकांचे. क्षणभर मला वाटले, पुसली गेली जात तर बरेच झाले. आपणही नावे बदलली आहेत. पण आपण बदलली ती आपल्या हाताने, दीक्षा घेऊन, आईबापांसह. इथे जातीबरोबर आईही पुसली होती.

मी चालकांना विचारले. ते चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "दिदी, तिच्या गावात काय आहे? शाळेला दोन तास चढ. चौदाव्या वर्षी लग्न. इथे दोन वेळ डाळ-भात आहे, इंग्रजी शाळा आहे. कागदावर काय लिहिले त्याने पोट भरते का?" खोटे कशाला सांगू, मला उत्तर सुचले नाही. रात्रभर झोप लागली नाही. माझ्या आईनेही मला याचसाठी दूर ठेवले होते. बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली १९२४ साली, आणि १९२५ च्या आरंभीच सोलापूरला वसतिगृह उघडले. खेड्यातले पोर घर सोडून शहरात आल्याशिवाय शिकणार नाही हे त्यांना ठाऊक होते. बोर्डिंग नसते तर मी बी. कॉम. झाले नसते, कुणाच्या तरी बांधावर असते. मग या माणसाचे काय चुकले?

हे मला पहाटेपर्यंत पुरले. फरक पुन्हा नोंदवहीनेच दाखवला. आमच्या बोर्डिंगात दिवाळीला आणि मे महिन्यात कुलूप लागायचे, आम्ही घरी जायचो. आई कधीही येऊन बसायची. माझे शिक्षण व्हावे म्हणून आईला मरावे लागले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सुट्टी मागून मी बौद्धनाथच्या स्तूपावर गेले. भूकंपाने वरचा भाग तडकलेला, दुरुस्तीसाठी बांबूंचे पिंजर उभे. तिथे भेटलेल्या एका उपासिकेजवळ मन मोकळे केले. तिने मला अशा मुलांच्या आईवडिलांचा शोध घेणाऱ्या एका कार्यकर्तीकडे नेले. तिला माझे ऐकून नवल वाटले नाही. ती म्हणाली, हुम्लासारख्या कर्णालीच्या दुर्गम जिल्ह्यांत दलाल जातो. तुमच्या मुलाला काठमांडूच्या बोर्डिंग शाळेत घालतो म्हणून आईबापाकडूनच पैसे घेतो. शेत विकून, कर्ज काढून ते देतात. १९९६ ते २००६ च्या यादवीत तर मुलांना लढाईत ओढून नेतील या भीतीने लोकांनी मुले दलालांच्या हवाली केली. इथे आल्यावर मुले कागदोपत्री अनाथ होतात, कारण देणगी अनाथाला मिळते. नेपाळच्या बालगृहांतल्या सुमारे ८५ टक्के मुलांचा आई किंवा बाप जिवंत आहे, असा अंदाज तिने सांगितला. नोंदलेल्या बालगृहांपैकी सुमारे ९० टक्के फक्त पाच जिल्ह्यांत आहेत, काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन. म्हणजे जिथे पर्यटक जातात तिथेच. अनाथ मुले काय विमानतळाजवळच जन्मतात?

भूकंपानंतर नेपाळ सरकारने परवानगीशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यास बंदी केली आणि नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली, तीही याचसाठी. जून २०१५ मध्ये युनिसेफने सांगितले होते की निदान २४५ मुलांना दलालांच्या हातून किंवा विनाकारण बालगृहात जाण्यापासून वाचवले.

मी फसलेली पहिली नव्हते. कॉनर ग्रेनन नावाचा अमेरिकन तरुण २००४ साली काठमांडूजवळ गोदावरीच्या एका बालगृहात असाच स्वयंसेवक म्हणून आला होता. आपण ज्यांना अनाथ समजलो त्यांचे आईबाप हुम्लात जिवंत आहेत हे कळल्यावर तो डोंगरांत पायी हिंडून त्यांना शोधत गेला. त्यातूनच २००६ साली नेक्स्ट जनरेशन नेपाळ ही संस्था उभी राहिली. कंबोडियातही हाच प्रकार वाढला, तेव्हा २०११ च्या सुमारास मुले ही पर्यटनस्थळे नव्हेत अशी मोहीम तिथे निघाली. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला तेव्हा अनाथालयांसाठी मुलांची ने-आण हा गुलामगिरीचा प्रकार मानला. २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवेच्या धोक्याकडे बोट दाखवले. एवढे होऊनही आमच्या वस्तीतल्या मुलीला जाहिरात येतेच आहे.

असो. माझ्या हाती होते ते मी केले. १९ फायलींचे क्रमांक, तारखा, अक्षराविषयीचा शेरा, असा तक्ता उतरवून काढला. त्या कार्यकर्तीने नेपाळीत अर्ज लिहिला. तिथल्या बालकल्याण कार्यालयात दिला आणि पोच घेतली. निघताना मुलीला काही सांगता आले नाही. ती बोटे मोजत होती, अजून दोन दिवस होते तिच्या हिशेबाने. मी दोन दिवस आधी निघाले.

परत आल्यावर विहारात रविवारच्या वंदनेनंतर हिशेब मांडला. जमा २१,५००, दिले १०,०००, परत ११,५००. बायका गप्प झाल्या. मग एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "अगं, आई असली तरी लेकरं उपाशीच ना? पैसे कशाला परत आणलेस?" मी म्हणाले, बाई, त्या पैशानेच उद्या आणखी एक लेकरू आणले असते. काहींना पटले, काहींना नाही. आजही सगळ्यांना पटले आहे असे मी म्हणणार नाही.

२०१७ च्या दिवाळीत त्या कार्यकर्तीचा फोन आला. चौकशी झाली होती. नऊ मुलांची घरे सापडली, सात जणांना गावी पोचवले. बालगृह बंद झाले. पण चौकशीचे पथक येण्याआधीच चालकांनी सहा मुलांना रातोरात कुठेतरी हलवले होते. माझी मुलगी त्या सहांत होती. माझ्या अर्जाचा सुगावा लागला म्हणूनच हलवले असणार. हे मी स्वतःला आजवर माफ केलेले नाही आणि त्यावर दुसऱ्या कुणाची समजूतही चालत नाही.

आईला मी हे सगळे सांगितले. तिला काठमांडू, युनिसेफ काही कळत नाही. तिने एवढेच विचारले, "त्या पोरीच्या आईला कळवलंस का, तुझी लेक जिती हाय म्हनून?" कळवले होते. जुन्या कागदावरच्या पत्त्यावर नेपाळीत पत्र लिहून घेऊन काठमांडूच्या पोस्टातून रजिस्टर टाकले होते. उत्तर आले नाही. पावती माझ्याजवळ आहे.

उरलेल्या ११,५०० रुपयांवर मंडळाने दोन बैठका घातल्या. शेवटी ठरले की वस्तीतल्या एकट्या पडलेल्या आयांची कागदपत्रे करून देण्यासाठी ते वापरायचे. आपल्याकडे बालसंगोपन योजना आहे. आई किंवा बाप गेलेला असेल, घर चालवणे कठीण असेल, तर मूल संस्थेत न टाकता घरीच राहावे म्हणून शासन दरमहा पैसे देते. तेव्हा ते अवघे ४२५ रुपये होते, आता २,२५० झाले आहेत. फार नाहीत, पण रेशन आणि शाळेचा खर्च निघतो. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे द्यायचा, बालकल्याण समिती मंजुरी देते. आमच्या बायकांना योजना ठाऊक नसते, ठाऊक असली तर दाखला नसतो, दाखला असला तर नावात चूक असते. म्हणजे काम कारकुनाचेच. विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही दर रविवारी ते करतो.

दोन दिवसांनी ती मुलगी आली तेव्हा मी तिला हे सगळे सांगितले. तिला राग आला. "मग काकू, कुणाला मदतच करायची नाही का?" म्हणाली. मी म्हणाले, खरेच जायचे असेल तर शिक्षिका हो, परिचारिका हो, भाषा शिक, चार आठवडे नाही तर चार वर्षे जा आणि तिथल्या कार्यकर्त्यांच्या हाताखाली काम कर. मुलांच्या खोलीत नको. फीचे पैसे भरायचेच असतील तर आईबाप शोधणाऱ्यांना दे. ती काही न बोलता गेली. शिफारसपत्र मी दिलेले नाही, आणि ती अजून माझ्यावर रागावलेली आहे.

पण परवाच्या रविवारी मागच्या खोलीत आली होती. एका बाईचा नवरा गेल्या पावसाळ्यात वीज पडून गेला. दोन मुले आहेत आणि दीर त्यांना आश्रमात घालायचे म्हणतो. त्या बाईचा अर्ज तिने भरून घेतला, अक्षर चांगले आहे. मुलांचे जन्मदाखले आहेत, रेशनकार्ड आहे, मृत्यूचा दाखलाही आहे. बँकेच्या पासबुकात मात्र बाईचे माहेरचे नाव निघाले. सोमवारी बँकेत जायचे आहे, मला रजा मिळाली नाही तर तीच घेऊन जाणार आहे.